धुराड्यांच्या सावलीतील पऱ्हाटी

दिवाळी आटोपली आणि कापसाच्या पहिल्या वेचणीला चंद्रपूरकडे जाण्याचा योग आला. शहर सोडून मोहर्लीची वाट धरली की ताडोबाचे वाघ आठवावेत. पण आधी दिसतात ती दुर्गापूर-ऊर्जानगरची धुराडी. रस्ता कितीही वळला तरी ती मागे येतातच.

येथला पहिला संच १९८३ साली सुरू झाला. जुने दोन संच पुढे बंद झाले, तरी हे केंद्र आजही २,९२० मेगावॅटचे आहे. कोळसा आसपासच्या खाणींचा, पाणी इरई धरणाचे. आपल्या विहिरीवरचा पंप फिरतो त्यातही याचा वाटा आहे, हे विसरून बोलणे बरे नव्हे.

पण आपल्या कोळशात राख फार. टनभर जाळला की साडेतीनशे-चारशे किलो राख उरते. धुरातली बारीक राख विजेने भारलेल्या पत्र्यांवर अडवतात. यंत्र नीट चालले तर शंभरातले नव्व्याण्णव भाग अडतात. राहिलेला एक भाग किती, याचा हिशेब वाचकांनीच करावा. गंधकाचा वायू तर डोळ्यांना दिसतही नाही. त्यावर केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा घातली. मग मुदती वाढत गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना गंधक काढणाऱ्या यंत्रणेतून सूटच मिळाली.

वाटेत एका शेतात थांबलो. मावशी कापूस वेचत होत्या. पऱ्हाटीच्या पानावरून बोट फिरवले, तर बोट करडे झाले. मावा पडलेले पान चिकट असते, त्यावर धूळ घट्ट बसते. पानाला ऊन कमी मिळते, आणि धुळकट पानावर लाल कोळीही माजतो. धूळ खाणीची, रस्त्यावरच्या ट्रकांची की धुराड्याची, हे बोटाला कळत नाही. व्यापारी मात्र कापूस मळका म्हणून भाव पाडतो.

मावशींचा मुलगा म्हणाला, "साहेब, राख फुकट भेटते. ट्रॉलीभर टाकू का जी वावरात? माय चुलीची राख परसात टाकतेच ना!"

येथे मला थोडे बसावे लागले. लाकडाच्या राखेत पालाश असते आणि ते पिकाला लागू पडते. कोळशाच्या राखेत नत्र जवळजवळ नाही, पालाश असले तरी काचेसारख्या कणांत अडकलेले. ताज्या राखेत बोरॉन जास्त असू शकतो, जड धातूही असतात. आंबट जमिनीला ती कधी मानवते, चिकण माती थोडी भुसभुशीतही करते. पण आपली काळी जमीन आधीच विम्लतेकडे झुकलेली. नोकरीच्या सुरुवातीला मीही एकाला "टाकून बघा" असे सहज म्हणून गेलो होतो. त्याच्या वांग्यांच्या पानांच्या कडा करपल्या, आणि पुढे दोन वर्षे तो मला बांधावर बसा म्हणाला नाही.

"म्हणजे नको?" मावशींनी विचारले.

"आधी माती आणि राख दोन्ही तपासू. मग दोन गुंठ्यांवरच, शेणखतात मिसळून. भाजीच्या वाफ्यात मुळीच नको."

मुलगा थोडा हिरमुसला. मावशींनी मात्र ओटीतला कापूस खाली ठेवला, विळ्याने वीतभर माती उकरली आणि माझ्यापुढे पिशवी धरली.