त्या घरीच असतात

आमच्या सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वहीत एक ठराव आहे. गच्चीची, पाण्याच्या टाकीची आणि लिफ्टच्या मशीनरूमची चावी काकूंकडे ठेवावी, कारण त्या दिवसभर घरीच असतात. सर्वानुमते मंजूर. सप्टेंबरातली ती वार्षिक सभा चालू होती तेव्हा मी वरच्या मजल्यावर दिवाळी अंकाची पानं लावत होते. मला कुणी विचारलंही नाही.

प्रेसमधली नोकरी सोडून मी घरी डीटीपी सुरू केलं त्याला बरीच वर्षं झाली. पेजमेकर गेलं, इनडिझाइन आलं, काम तेच राहिलं. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते. लेखक जुन्या फॉन्टमधला मजकूर पाठवतात. तो युनिकोडमध्ये आणला की ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होतं, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. तो डोळ्यांनीच शोधावा लागतो, ओळीन्‌ओळ. सोळा पानांचा फॉर्मा एकदा छापायला गेला की चूक परत घेता येत नाही.

आणि मधेच बेल वाजते. लिफ्टचा मेकॅनिक. मग केबलवाला, त्याला गच्चीवर जायचंय. मग शेजारच्यांचं कुरिअर. प्रत्येक जण म्हणतो, “दोन मिनिटांचं तर काम!” त्याची दोनच मिनिटं जातात, हे खरं. पण मी परत येऊन बसते तेव्हा कुठल्या ओळीपर्यंत डोळे पोचले होते ते आठवत नाही. अर्धं तपासलेलं पान हे न तपासलेलंच पान, म्हणून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. टाकी धुवायला माणसं आली त्या दिवशी तर अख्खी दुपार गच्चीवर गेली, कारण ‘कुणीतरी लक्ष ठेवायला हवं’.

मी सेक्रेटरींकडे गेले. ते म्हणाले, “अहो काकू, तुमचं काम काय, रात्रीसुद्धा करता येतं.”

हे वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही. रात्री मी करतेच. पण हे बोलणारा माणूस स्वतः आठवड्यातले दोन दिवस घरून काम करतो. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये त्यांच्या दारावर ‘मीटिंग सुरू आहे, बेल वाजवू नये’ असा कागद होता आणि आम्ही सगळे तो पाळत होतो. मुलांना जिन्यात ओरडू देत नव्हतो. तेव्हा तर सगळी इमारतच घरी होती, मग त्यांच्या हाती चाव्या का नाही दिल्या? महिन्याच्या एक तारखेला पगार देणारी कंपनी पाठीशी असली की घरातलं काम हे ऑफिस. स्वतःच्या नावावर करणारी बाई मात्र मोकळी. तिच्यावर वरिष्ठ नाही, म्हणून तिचा वेळ सगळ्यांचा.

मग रागाने मी सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत टेबल घेतलं. एमपीएससीची मुलं माना खाली घालून वाचत होती. बेल नाही, कुरिअर नाही. मला वाटलं होतं, आता फडशा पडेल. पण काम तिथे घरच्यापेक्षा कमीच झालं! प्रूफ मोठ्याने वाचता येईना, छापखान्याचा फोन आला की बाहेर पळावं लागे. तिथल्या एका मुलीने मला पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही फ्रान्चेस्को चिरिलोंची पद्धत शिकवली. अभ्यासाला ती छान असेल. प्रूफाला मात्र लेख संपेपर्यंत उठायचं नसतं, मग घड्याळ काहीही म्हणो. महिना भरल्यावर मी घरी परतले.

आता प्रूफं सकाळी, मेल जेवणानंतर, आणि फोनवर सरळ सांगते, “ऑफिसात आहे.” चाव्या वॉचमनकडे दिल्या. काही जणांनी तोंडं वाकडी केली. करू देत. स्वतःचा धंदा करणाऱ्या मुलींना मी हेच सांगते, की एकाग्रतेचे उपाय नंतर शोधा, आधी घरच्यांना आणि शेजाऱ्यांना आपले तास सांगा. आणि उद्यम नोंदणी करून घ्या, ती फुकट होते.

कारण वेळेसारखेच आपले पैसेही लोक थांबवतात. जाहिरातींचे पैसे आले की देऊ, असं म्हणत दिवाळीचं बिल होळीपर्यंत नेणारे आहेत. २००६च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचं बिल १५ दिवसांत, आणि लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. तेव्हा तुमचं काम कुणी घरी बसून करत असेल तर येण्याआधी फोन करा, आणि बिल मुदतीत द्या.