पाणी सोडायची जागा

आमच्या घरात पाण्यावर चालणाऱ्या गारव्याच्या दोन वस्तू आहेत. एक खिडकीत बसवलेला कूलर आणि दुसरी माझ्या टेबलाखालचा कॉम्प्युटर. कूलर चार महिने सगळं घर वापरतं. कॉम्प्युटरची मात्र बाबांनी पहिली दोन वर्षं नुसती टिंगल केली. "विजेच्या डब्यात पाणी भरून राहिला हा," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. लोक हसायचे, मीही हसायचो.

पण माझी गरज खरी होती. मी लग्नांची शूटिंग आणि एडिटिंग करतो. गडचांदूर, कोरपना, जिवती, राजुरा, आणि कधी पलीकडे तेलंगणात आसिफाबादपर्यंत. लग्नांचा सीझन एप्रिल-मे, आणि नेमका तेव्हाच आमच्याकडे पारा ४६-४७ ला टेकलेला. दिवसभर शूट करून रात्री तीन-तीन तासांचं फुटेज रेंडरला लावायचं, तर साध्या पंख्यावरचा प्रोसेसर अर्ध्या तासात शंभरीजवळ जायचा आणि जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करायचा. आठ तासांचं काम चौदा तासांवर. वर त्या पंख्यांचा आवाज असा की आई म्हणायची, घरात गिरणी टाकली का रे?

म्हणून पाणी. हवेच्या तुलनेत तेवढंच पाणी साडेतीन हजार पट उष्णता पोटात घेतं, त्यामुळे कामाला सोपं. प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा, त्यातून पाणी फिरवणारा छोटा पंप, मोटारीच्या रेडिएटरसारखा एक चपटा रेडिएटर, त्यावर सावकाश फिरणारे पंखे आणि पाणी साठवायची एक उभी पारदर्शक नळी. मिनिटाला चार-एक लिटर पाणी फिरत असेल, तर तीनशे वॅटची उष्णता घेऊनही ते फार तर एखाद-सव्वा डिग्रीनं तापतं. ऐकायला जादू वाटते. पण ती उष्णता शेवटी खोलीतल्या हवेतच सोडायची असते, आणि खोलीच चाळीसची असली की पाणी पन्नाशीकडे जाणारच. हे मला पैसे खर्चून झाल्यावर नीट कळलं. कडक प्लास्टिकच्या देखण्या नळ्या साठीच्या आसपास मऊ पडायला लागतात, म्हणून मी साध्या मऊ नळ्याच घेतल्या. दिसायला सलाइन लावल्यासारखं दिसतं. असो.

हा काही हौशी पोरांचाच खेळ आहे असंही नाही. पुण्याच्या आयसरमध्ये सी-डॅकचा 'परम ब्रह्म' नावाचा सुपरकॉम्प्युटर आहे, तोही पाण्यानंच गार करतात. हे मी बाबांना मोठ्या अभिमानानं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "त्याले ड्रेन असन. तुह्याले आहे का?"

नव्हता.

बाबा तीस वर्षं इथल्याच एका सिमेंट कारखान्यात, युटिलिटी सेक्शनला. म्हणजे पंप, कॉम्प्रेसर, कूलिंग टॉवर. आमच्या भागात चुनखडी आहे म्हणून सिमेंट आहे आणि सिमेंट आहे म्हणून हे गाव एवढं वाढलं. भट्टीच्या आत साडेचौदाशे डिग्री. ती फिरणारी भट्टी ज्या रोलरांवर टेकलेली असते त्यांच्या बेअरिंगला सतत पाणी लागतं. बाबांचं अख्खं आयुष्य त्या पाण्यामागं गेलं. कॉम्प्रेसर हाऊसमध्ये डाव्या कानानं ऐकू येणं कमी झालं, आणि ते घरात टीव्ही मोठा लावू लागले, एवढीच आम्हाला त्या नोकरीची माहिती.

ड्रेन नसल्याचा फटका गेल्याच्या गेल्या मेमध्ये बसला. पाणी हिरवट दिसायला लागलं होतं. (मी घरच्या फिल्टरचं पाणी भरलं होतं. डिस्टिल्ड वॉटर आणि शेवाळ मारायचं औषध हवं, हे वाचलेलं होतं, पण त्या दिवशी घरात नव्हतं. आळस, दुसरं काय.) पाणी बदलायचं तर लूप रिकामा करायला हवा, आणि रिकामा करायला तोंडच नाही. मग मी खाली टॉवेल लावून एक नळी ओढून काढली. पाणी टॉवेलवर पडायचं सोडून ग्राफिक्स कार्डावर, आणि तिथून खाली पॉवर सप्लायवर. मशीन बंद होतं, म्हणून मी निर्धास्त. पुसलं, एक तास कूलरसमोर ठेवलं आणि चालू केलं. आता कूलरची हवा म्हणजे ओली हवा, हे आमच्याकडचं शेंबडं पोरगंही सांगेल. कार्ड गेलं. सीझनमध्ये गेलं. तीन लग्नांची कामं अडकली. एका घरची मुलगी व्हिडिओ न बघताच सासरी गेली, तिच्या वडिलांचे चार फोन मी उचलले नाहीत. पाचवा उचलला. ते रागावले नाहीत, त्यानंच जास्त लाज वाटली.

बाबा तेव्हा काही बोलले नाहीत. या वेळी सीझनच्या आधी मी सगळं उघडून बसलो, तर ते खुर्ची ओढून शेजारी बसले.

"काहून खोललं?"

"ड्रेन लावतो बाबा."

"कुठी?"

मी टाकीच्या बुडाला बोट लावलं. त्यांनी मान हलवली. पाणसळ आणायला लावली, ती केसच्या बुडावर ठेवली, मग प्रत्येक नळी कुठून कुठे जाते ते बोटानं पाहत गेले. पाणी शेवटी कुठे थांबतं? टाकीच्या बुडाखाली पंप, पंपाच्या बाहेरच्या तोंडाची नळी आणखी खाली झोळ देऊन पुढं गेलेली. टाकीला ड्रेन दिला असता तर टाकी रिकामी झाली असती आणि बाकी सगळं तसंच राहिलं असतं. तेव्हा पंपाच्या पुढं एक टी घालायची, टीचं तिसरं तोंड खाली, त्याला व्हॉल्व्ह. त्यासाठी पंप दोन इंच उचलावा लागणार होता. उचलला.

मग आट्यांचा विषय. या सगळ्या सामानाला पाव इंची जी-थ्रेड असतात, मी ते काहीतरी परदेशी प्रकरण समजत होतो. बाबांनी एक फिटिंग हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि उठून गेले. येताना त्यांच्या जुन्या डब्यातला पितळी बॉल व्हॉल्व्ह घेऊन आले, कॉम्प्रेसरच्या हवेच्या लाइनला लावतात तसा. फिटिंग त्यात हातानं फिरवलं. सरळ आत गेलं, एकदाही अडकलं नाही. "बीएसपी आहे हे. आपल्या नळाचेच आटे," म्हणाले. चेहऱ्यावर जे काही होतं ते मी त्यांच्या निवृत्तीनंतर पहिल्यांदा पाहिलं.

तो व्हॉल्व्ह शेवटी लागला नाही, हेही सांगितलं पाहिजे. नळाचं काम आट्यांवर सील होतं, टेफ्लॉन टेप गुंडाळून आवळत न्यायचं. इथं आटे फक्त धरून ठेवतात, पाणी अडवते ती रबरी ओ-रिंग, आणि तिला टेकायला सपाट काठ लागतो. बाबांच्या व्हॉल्व्हचा काठ आतून उतरता. बाहेर बादलीवर लावून पाहिला तर दर दहा-पंधरा सेकंदांना एक थेंब. त्यांनी पाना मागितला. मी दिला नाही. पारदर्शक टाकी अ‍ॅक्रिलिकची, त्या जोडणीवर जोर आला की ती तडकते. दोघंही थोडा वेळ गप्प. मग तेच म्हणाले, "मागव तुह्या इंटरनेटवरून." व्हॉल्व्ह आठ दिवसांनी आला. तेवढे आठ दिवस त्यांनी रोज पोस्टमनची चौकशी केली. आला तो कुरिअरवाला, तेव्हा ते झोपलेले होते.

बसवताना त्यांनी आणखी एक अट घातली. व्हॉल्व्हच्या पुढं डमी हवीच. म्हणजे व्हॉल्व्ह बंद, आणि त्याच्या तोंडावर पुन्हा एक बूच. मी म्हटलं, व्हॉल्व्ह आहे ना, कशाला? "दांड्याले कोणाचा पाय लागते. मांजर जाते. तू नाही करत, पण होते."

तेव्हा त्यांच्या डाव्या मनगटावरचा डाग माझ्या डोळ्यांसमोर होता. ते टी धरून बसले होते, मी नळी चढवत होतो. मनगटापासून कोपराच्या अर्ध्यापर्यंत, चुरगळलेल्या कागदासारखी कातडी. लहानपणी विचारलं की आई सांगायची, तेल उडालं. मला वाटायचं आईच्या कढईतलं.

बाबांनी कोणी न विचारता सांगितलं. शटडाऊन होता, थोडक्या तासांचा. एका पंपाला तात्पुरती लाइन जोडायची होती. ती त्यांनीच आखली, त्यांनीच जोडून घेतली. ड्रेनचं तोंड ठेवायला एक टी आणि एक वेल्ड जास्त लागला असता. तात्पुरतंच तर आहे, म्हणून सोडला. ती तात्पुरती लाइन पुढं बरेच महिने चालली. मग एक दिवस पंप खोलायची वेळ आली आणि लाइनमध्ये गरम पाणी भरलेलं. ड्रेन नाही, तेव्हा फ्लँजचे बोल्ट सैल करून हळूहळू सोडायचं ठरलं. बोल्ट सैल केले, पाणी हळूहळू आलं नाही.

"माह्या हातावर आलं तेवढं ठीक. खाली एक पोरगं बसलं होतं पाना धरून. हेल्पर. त्याच्या पायावर गेलं."

"मग?"

"बरा झाला. कामावर आला नाही पुन्हा. मी त्याच्या गावाले गेलो होतो एकदा. त्याच्या मायनं चहा देला." थोडं थांबून, "तिले मालूम नव्हतं लाइन कोणी केली थे."

मी नळीवर क्लॅम्प आवळला. मला काय बोलावं सुचलं नाही, आणि त्यांनाही मी काही बोलावं असं वाटत नसावं. ते पुढचं फिटिंग शोधत होते.

या वेळी डिस्टिल्ड वॉटरच भरलं, त्यात शेवाळाचं आणि गंजाचं औषध मापून. इथलं बोअरचं पाणी कसं आहे ते आमच्या कूलरच्या गवतावर पाहावं. जूनपर्यंत ते पांढरं, कडक होतं. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. कूलिंग टॉवरमध्येही हेच होतं, म्हणून तिथलं थोडं पाणी सतत बाहेर सोडावं लागतं, त्याला ब्लोडाऊन म्हणतात. ही माहिती मला घरातच मिळण्यासारखी होती, पण तीस वर्षांत मी कधी विचारली नाही.

गळती तपासायला सगळ्या जोडांखाली टिश्यू पेपर ठेवले आणि बोर्डाला वीज न देता फक्त पंप चालवला. त्यासाठी पॉवर सप्लायच्या मोठ्या प्लगमधली हिरवी तार काळीला जोडावी लागते. चोवीस तास ठेवायचं. रात्री दोनला जाग आली तर माझ्या खोलीत बॅटरीचा उजेड. बाबा जमिनीवर बसून एकेक टिश्यू बोटानं दाबून पाहत होते. मी डोळे मिटून पडून राहिलो.

सीझन नीट गेला. प्रोसेसर ऐंशीच्या वर गेला नाही, आणि मे महिना लक्षात घेता ही माझ्या लेखी चैन आहे.

मग पहिल्या पावसानंतरच्या एका शनिवारी पाणी बदललं. शनिवारी बाबा कूलरचं बूच काढून तो कोरडा करतात. डेंग्यूमुळे आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असं आरोग्यवाले सांगून जातात, आणि आमच्या गल्लीत तो पाळणारे बहुधा हे एकटेच. कूलर झाला, आता तुझं काढ, म्हणाले. मी मशीन बंद केलं, पिन काढली, डमी काढून व्हॉल्व्हला नळी लावली, नळीचं तोंड बाटलीत. व्हॉल्व्ह उघडला. दोन घोट पाणी आलं आणि थांबलं.

"तेलाच्या पिप्याले भोकं किती पाडतेत?" बाबा.

दोन! एक तेलाला, एक हवेला. टाकीचं वरचं बूच उघडायचं विसरलो होतो. ते काढताच पाणी धारेनं आलं. मग दोघांनी मिळून केस आधी मागे, मग डावीकडे कलंडवली, तसं रेडिएटरमध्ये अडकलेलंही थोडं थोडं आलं. सगळं येत नाहीच. टॉवेल अंथरला होता, तो कोरडा राहिला.

बाबांनी बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ फिरवून फिरवून पाहिली. स्वच्छ होती. मग ती ओट्यावर ठेवून हात धुवायला गेले. आईनं बाटली पाहिली, वाया कशाला घालवायचं म्हणून उचलली आणि मोगऱ्याकडे निघाली, तसे आम्ही दोघं एकदमच ओरडलो.