वाजवून घेणे

मध्यंतरी अमेरिकेतील सॅम ॲश ही वाद्यविक्रीची साखळी बंद झाल्याचे वाचले. १९२४ साली ब्रुकलीनमध्ये निघालेल्या या दुकानाची अक्षरशः शंभरी भरली आणि २०२४ मध्ये सर्व शाखांना कुलपे लागली. त्याआधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, तिच्याहून कितीतरी मोठ्या गिटार सेंटरने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला होता. २००७ साली कर्ज काढून झालेल्या खरेदीचे ओझे तिच्या मानेवर होतेच. शनिवार पेठेत बसून आम्ही याचे सुतक का पाळावे, असे कुणी विचारील.

पेठांनी अशी अवाढव्य दुकाने पाहिली नाहीत. मेहुणपुऱ्यात विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली स्थापिलेले गांधर्व महाविद्यालय. त्याच्यासारख्या संस्थांच्या आणि घरगुती क्लासांच्या आधाराने आसपासचे लहानसे गाळे चालत. दर्शनी भागात पेट्या-तबले, मागे दुरुस्तीचे बाकडे. शिरताच पहिला प्रश्न, ‘कोणाकडे शिकता?’ किंमत नंतर. ज्याला गुरू नाही त्याने उगाच वाद्याला हात लावावा, हे तेथे खपत नसे. साखळी दुकानांचे पुण्य नेमके येथे आहे, आणि ते आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. काहीही न येणाऱ्या पोराने महागडी गिटार तासभर छेडावी आणि एक तारही विकत न घेता निघून जावे, ही मुभा तेथे होती. पुढे लोक वाद्य दुकानात पारखू लागले आणि मागवू लागले घरबसल्या. ती मुभाच दुकानाला महागात पडली.

मराठीत मडके वाजवून घेतात, रुपयाही वाजवून घेत. (‘वाजवी’ किमतीचा मात्र या वाजण्याशी संबंध नाही, तो शब्द अरबी ‘वाजिब’वरून आला.) वस्तूची परीक्षा कानाने करण्याची ही रीत वाद्याच्या बाबतीत तरी टिकेल, असे वाटले होते. आम्ही तंबोरा घेतला तेव्हा दुकानदाराने तीन तंबोरे काढले आणि घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर मागेपुढे सरकवीत जवारी लावून दाखविली. दीड तास गेला. त्या दीड तासात षड्जाविषयी जे उमगले, ते पुढे कोणत्याही पुस्तकात सापडले नाही.

१९७९ साली बंगळुरूच्या राजनारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. आता तोही फोनमध्ये जाऊन बसला आहे. फोन कधी उतरत नाही. त्यामुळे तो लावावा लागत नाही, आणि लावता लावता जो कान तयार व्हायचा तोही होत नाही. २०२४ सालीच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदच आहे, पण मानांकन खोक्यावर छापता येते, जवारी नव्हे.

आमच्या एका विद्यार्थिनीने पेटी घरपोच मागविली. आली तेव्हा सुरेल होती. पहिल्याच पावसाळ्यात दोन पट्ट्या दाबल्या की वर येईनाशा झाल्या. विकणाऱ्याचे उत्तर आले, बदलून देण्याची मुदत संपली. तिला आम्ही पेठेतले दोन पत्ते दिले. एका गाळ्यात आता मोबाइलची कव्हरे मिळतात. दुसऱ्या ठिकाणचे गृहस्थ सकाळी अकरा ते एक बसतात.