संख्येला एकक, कोडला टाइप

समीकरणाच्या एका बाजूस बल आणि दुसऱ्या बाजूस ऊर्जा आली, तर ते सोडवण्यापूर्वीच चुकले आहे हे अकरावीचा विद्यार्थीही सांगतो. मितींची ही तपासणी उत्तर देत नाही. अशक्य उत्तरे मात्र दारातच अडवते. तोच विद्यार्थी पुढे पीएच.डी.साठी पायथॉनमध्ये कोड लिहू लागला, की ही सवय बहुधा वहीतच राहते. एखाद्या फंक्शनला सेकंद हवेत की दिवस, हे केवळ लिहिणाऱ्याच्या स्मरणात असते.

भारताची ॲस्ट्रोसॅट ही अवकाश वेधशाळा २८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झाली. पाच वर्षांचे नियोजित आयुष्य तिने केव्हाच ओलांडले. सीएसआयआर-यूजीसीच्या संशोधन फेलोशिपची मुदतही पाच वर्षांचीच. अशा दीर्घायुषी उपकरणांच्या निरीक्षणांवर काम करणाऱ्या गटांत विद्यार्थी बदलत राहतात. कोड पुढच्याच्या हाती येतो. त्यामागची गृहीतके येतातच असे नाही.

योगायोगाने त्याच महिन्यात पायथॉनची ३.५ ही आवृत्ती आली आणि तिच्यासोबत कोडमध्ये टाइप नोंदवण्याची प्रमाणित पद्धतही. त्या नोंदी वाचून ‘मायपाय’सारखे साधन कोड चालवण्यापूर्वीच विसंगती दाखवते. फाइल न सापडल्यास काहीच परत न देणारे फंक्शन अशा वेळी प्रथम उघडे पडते. त्यासाठी सारा कोड सी प्लस प्लस किंवा रस्टमध्ये नव्याने लिहावा लागत नाही. ड्रॉपबॉक्स कंपनीने २०१९ पर्यंत पायथॉनच्या सुमारे ४० लाख ओळी या तपासणीखाली आणल्या, त्याही टप्प्याटप्प्याने.

मात्र टाइप लिहिला म्हणजे धोका टळला, असे नव्हे. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ नष्ट झाले. जमिनीवरील एक प्रणाली आवेग पाउंड-सेकंदांत देत होती, तर दुसरी तो न्यूटन-सेकंदांत आहे असे मानत होती, फरक ४.४५ पटींचा. दोन्ही राशींचा टाइप नुसता ‘दशांश संख्या’ असता, तर कोणत्याही तपासनिसाने आक्षेप घेतला नसता. ‘न्यूटन-सेकंद’ हाच स्वतंत्र टाइप केला, तरच यंत्राला भेद कळतो. कोणता भेद महत्त्वाचा, हे ठरवण्यासाठी भौतिकशास्त्रच जाणावे लागते.

या कामाला वेळ लागतो आणि त्यातून शोधनिबंध निघत नाही. म्हणून प्रबंधाच्या घाईत ते मागे पडते. निदान प्रयोगशाळा सोडण्यापूर्वी, इतर जण वापरतात त्या मोजक्या फंक्शनांपासून आरंभ करता येतो: आत काय जाते, बाहेर काय येते आणि कोणत्या एककात. पुढे येणारा विद्यार्थी जुना निष्कर्ष पुन्हा काढू पाहील, तेव्हा त्याला विचारायला जवळ कुणी नसेल. त्याच्यापुढे कोड तेवढा असेल.