रविवारची पाळी

भिवंडीत रविवार सुट्टीचा नव्हता. आमच्या भागातले यंत्रमाग शुक्रवारी बंद राहत आणि रविवारी सकाळी दिवसपाळी लागली की गल्लीभर नेहमीचा खडखडाट सुरू होई. दादा, म्हणजे आमचे वडील, एका कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे. बारा तासांची पाळी करून ते संध्याकाळी घरी येत, अंगावरचा कापूस झटकत, अंघोळ करत, आणि मग आमची उपासना सुरू होई. आजोबा पेटीवर बसत, आम्ही सगळी चुलत-आत्ते भावंडं सतरंजीवर. महिन्यातून एकदा प्रभूभोजनासाठी एसटीने कल्याणला जायचं, तेही दादांना बदली माणूस मिळाला तर. उत्तम शुक्रवार मात्र आयताच सुट्टीच्या दिवशी यायचा. आमचा सबंध भाग गप्प असलेल्या त्या दिवशीची तीन तासांची उपासना आम्हां सगळ्यांच्या चांगली लक्षात आहे.

या वेळापत्रकाने आम्हांला घडवलं असं मला ठामपणे वाटतं. देवासाठी राखून ठेवलेला दिवस आमच्या घराला परवडत नव्हता. जे करायचं ते पाळीच्या अलीकडे, पलीकडे, नाहीतर चालू पाळीतच बसवावं लागे. आमच्या मोठ्यांनी ते कसं बसवलं, हे पुढच्या मुलांना ठाऊक असावं म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांचे वडील नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये हातमाग शिकले. चर्चिल नावाच्या इंजिनिअर मिशनऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे नव्या धर्तीचा वेगवान हातमाग बनवला होता. गरीब विणकराचं कापड गिरणीपुढे टिकावं, हा त्यामागचा हेतू. हेच चर्चिल पुढे अमेरिकेत परतले आणि 1922 मध्ये केंटकीतल्या बेरिया गावी त्यांनी पत्नीसह हातमागाचा कारखाना काढला. पणजोबांनी विणलेल्या पासोडीचा एक तुकडा आजीच्या पेटीत बरीच वर्षं होता. उपदेश करायला आलेला माणूस धोट्याच्या गतीची काळजी करत बसला, याचं आजोबांना फार अप्रूप वाटे.

आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं भाषांतर 1924 मध्ये, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, पूर्ण छापून झालं. ते मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायका-मुलींच्या हातून. आजीजवळ त्यातली एक प्रत होती. पुठ्ठा सुटलेला, कडा कुरतडलेल्या. त्याच फळीवर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. दुष्काळातल्या पोरक्या मुलींना लक्ष्मीबाईंनी घरात घेतलं, तो भाग आजी आम्हांला पुन्हा पुन्हा सांगायची आणि सांगता सांगता भाकऱ्या थापायची.

1972च्या दुष्काळात विहिरी आटल्या आणि आमचं घर उठून भिवंडीला आलं. पुढे 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि भिवंडीचे माग कामाला पुरेनात. आझमगडचे मोमीन, तेलंगणातले पद्मशाली, बिहारचे, कोकणातले, अशी माणसं आधीपासून होतीच, त्यांत लालबाग-परळचे गिरणी कामगारही आले. एका खोलीत पाळीपाळीने झोपायचं आणि खानावळीत, म्हणजे भिवंडीच्या भाषेत बिसीत, जेवायचं. या गर्दीत ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी.

आजीने भिवंडीत पहिली कोणती गोष्ट मांडली असेल तर दाराबाहेरचा माठ. बाहेर म्हणजे अगदी बाहेर, ओट्याच्या कडेला, साखळीने बांधलेल्या पेल्यासकट. घरात मटका वेगळा नाही. आम्हीही त्याच माठातलं पाणी प्यायचो. तिच्या आईला गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवता येत नव्हता, वरून कुणीतरी ओतेल तेव्हा ओंजळ धरायची. हे तिने आम्हांला एकदाच सांगितलं, तेही आत्याने विचारलं म्हणून. उन्हाळ्यात रातपाळी सुटलेले कामगार सकाळी ओट्याशी थांबत. माठ दिवसातून कितीदा भरावा लागे! नळाला पाणी तासभर यायचं आणि रांगेतल्या हंड्यांतला पहिला हंडा माठाचा, हा घरचा नियम. स्वयंपाकाचं पाणी दुसरं. आईची त्यावरून कुरकुर व्हायची आणि ती रास्त होती, कारण हंडे वाहायचे तिला. हा सगळा भार बायकांनीच उचलला, हे आज आठवताना ठळक दिसतं.

आता आत्याबद्दल. ती मिरजेला शिकलेली नर्स. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये उभारलेल्या त्या मिशन हॉस्पिटलातून मराठी ख्रिस्ती मुलींच्या कितीतरी पिढ्या पांढरी साडी नेसून बाहेर पडल्या आणि महाराष्ट्रभर पांगल्या. आत्या भिवंडीत एका दवाखान्यात नोकरीला होती. पण आमच्या पिढीला आठवते ती नोकरीहून परतलेली आत्या.

मागावर क्षय फार. कोंदट जागा, हवेत कापसाची धूळ, अर्धपोटी रातपाळ्या, एकाच खोलीत दहा-बाराजण. तेव्हा क्षयाचा उपचार वर्ष-दीड वर्ष चालायचा आणि त्यात स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं असायची. दवाखान्याची वेळ आणि पाळीची वेळ एकच. रांगेत उभं राहिलं की खाडा, खाडा झाला की मजुरी गेली. म्हणून दोन महिन्यांत जरा बरं वाटलं की माणूस औषध सोडून द्यायचा आणि पुढच्या पावसाळ्यात रक्त ओकायचा. आत्याने हे वॉर्डात पाहिलं होतं. तिने दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं आणि चिठ्ठी घेऊन येईल त्याला घरी इंजेक्शन द्यायला सुरुवात केली. रातपाळीवाल्यांना संध्याकाळी सहाच्या आत, दिवसपाळीवाल्यांना रात्री आठनंतर.

वातीच्या स्टोव्हवर ॲल्युमिनियमचं पातेलं, त्यात काचेची सिरिंज आणि सुया उकळत. वीस मिनिटं झाल्याशिवाय हात लावायचा नाही. घड्याळ बघायचं काम आम्हां मुलांचं. चिमट्याने सुई उचलून ती दिव्यापुढे धरायची, टोक बोथट असेल तर बाजूला. कुप्यांतली पांढरी भुकटी पाण्यात विरघळेपर्यंत तळव्यात फिरवायची. ओट्यावर तोवर पाचसहाजण बसलेले, कुणी पेंगत, कुणी माठातलं पाणी पीत.

स्ट्रेप्टोमायसिनने कानाला इजा होऊ शकते. कानात गुंई ऐकू येतं, तोल जातो. पण बारा तास मागापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या कानात गुंई असतेच. नुसतं विचारून काय कळणार? आत्या दर आठवड्याला आपलं मनगटी घड्याळ प्रत्येकाच्या कानाजवळ धरायची, हळूहळू लांब न्यायची आणि टिकटिक कुठे थांबली ते वहीत मांडायची. वीतभर, अर्धी वीत, चार बोटं. अंतर कमी व्हायला लागलं की दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे चिठ्ठी. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. होळीला कामगार मुलखात निघाले की प्रत्येकाबरोबर तिकडच्या डॉक्टरसाठी कागद द्यायची: कोणतं औषध, किती झालं, किती उरलं.

आमच्या मंडळीतल्या काहींना ती अर्धवट सेवा वाटे. एकदा उपासनेनंतर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तिला सांगितलं, की एवढी माणसं दारात येतात तर प्रत्येकाच्या हाती शुभवर्तमानाचं एखादं पत्रक तरी द्यावं. आत्या शांतपणे म्हणाली, “भाऊ, सुई टोचलेली असताना माणसाला उठून जाता येत नाही. त्या वेळी मी त्याला काही ऐकवणार नाही.” आजोबांनी पेटीचा भाता लावला आणि विषय संपला. श्रद्धा आणि सेवा यांवर पुढे मी बरंच वाचलं, पाळकांची उत्तम प्रवचनं ऐकली. पण दुबळ्या माणसासमोर आपली पायरी कोणती, हे आत्याच्या त्या उत्तरापेक्षा स्वच्छ मला कुठे सापडलं नाही. कुणी आपणहून विचारलं तर ती सांगायची, संकोच न करता, येशूविषयी अगदी घरच्या माणसाविषयी बोलावं तसं. विचारणारे थोडे होते. ईदला मात्र शीरखुर्म्याचे डबे यायचे आणि नाताळात करंज्यांची ताटं गल्लीभर फिरायची.

दादांचं वेगळं होतं. ते बोलायचे कमी. कापडात खोट आली की विणकराच्या मजुरीतून कापायची, ही कारखान्याची रीत. खोट नोंदवायची जॉबरने. फणीचा दात वाकलेला असेल, धोट्याची कड झिजली असेल, तरी नोंद माणसाच्या नावावर व्हायची, कारण माग मालकाचा. दादा नोंदीत खरं लिहायचे: दोष मागाचा, दुरुस्ती करावी. त्यापायी त्यांच्यावर कारखाना बदलायची वेळ आली आणि काही दिवस घरी बसावं लागलं. त्या काळात आई दुसऱ्यांच्या घरी कांड्या भरायला जाई. दादांनी बायबल उघडून आम्हांला प्रामाणिकपणा शिकवल्याचं कुणालाच आठवत नाही. तेलकट बोटांनी फणीवरून हात फिरवत वाकलेला दात शोधणारे दादा मात्र आठवतात.

मे 1984 मध्ये भिवंडीत हिंदू-मुसलमान दंगल पेटली. सात मे 1970च्या दंगलीच्या गोष्टी आम्ही ऐकून होतो, ही डोळ्यांनी पाहिली. दोन्ही बाजूंची शेजारची माणसं वस्ती सोडून नातेवाइकांकडे निघाली तेव्हा किल्ल्या आमच्याकडे ठेवून गेली. आमचं घर कुणाचंच नव्हतं, म्हणून दोघांचं झालं. आजीने प्रत्येक किल्लीला कारखान्यातल्या वेस्टेजची वेगळ्या रंगाची चिंधी बांधली आणि माठामागच्या खिळ्यांवर ओळीने टांगल्या. रंग आणि घर हे तिने तोंडपाठ केलं, कागदावर काही लिहिलं नाही, कारण कागद कुणाच्याही हाती लागला असता. संचारबंदीत इंजेक्शनवाले येईनात. आत्या दवाखान्याचा पास आणि पांढरी साडी एवढ्यावर गल्ल्यांतून गेली, पातेल्यात उकळून फडक्यात गुंडाळलेल्या सुया पिशवीत घेऊन. आजोबा दारात उभे राहून प्रार्थना करत होते. मोठ्याने, तिचं नाव घेऊन. किल्ल्या पुढे ज्याच्या त्याला परत गेल्या. हिरव्या चिंधीची तेवढी खिळ्यावरच राहिली, त्या कुलपाचं दारच उरलं नव्हतं.

1988च्या सुमारास सुरेश खोपडे भिवंडीचे पोलीस उपायुक्त झाले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. शहरभर सत्तर समित्या, हिंदू-मुसलमान निम्मेनिम्मे, आणि पोलीस त्यांच्याबरोबर बसणार. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली, हा इतिहास आहे. खोपडे यांनी त्यावर ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तकही लिहिलं. या हिशेबात आमची माणसं कुठल्याच निम्म्यात बसत नव्हती. तरी वस्तीतल्या बैठकीला दादा जात, मागे सतरंजीवर बसत. नळाचं पाणी, दिव्याचे खांब, गटार, असेच विषय. माणसं एकमेकांना नावाने हाक मारायला लागली, की अफवेला उत्तर मिळतं, असं ते घरी येऊन म्हणत.

आमची पिढी आता ठाणे, पुणे, नाशिक, शारजा अशी विखुरली आहे. आजी-आजोबा गेले, दादाही गेले. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, माग थांबले आणि बिस्याही. माणसं नाशिक महामार्गाने चालत निघाली. मेच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनवरून गोरखपूरला गाडी सुटली, पण तोवरचे दिवस काढायचे कसे? ऐंशी ओलांडलेल्या आत्याने फोनवर फर्मान काढलं: पैसे पाठवू नका, कुठल्या खोलीत किती माणसं आहेत ते विचारा. भिवंडीत राहिलेल्या धाकट्या बहिणीने खोल्यांची यादी केली, मी किराणा दुकानदाराशी उधारीचं बोललो, शारजाच्या भावाने ती फेडली. नगरच्या बूथ हॉस्पिटलात तेव्हा कोविडचे रुग्ण घेतले जात होते. त्याची बातमी आली की आत्या ती मोठ्याने वाचायला लावायची, आणि परिचारिकांचा उल्लेख नसेल तर रागवायची.

क्षय अजून आहे. सुया गेल्या, गोळ्या आल्या, उपचार बहुतेकांचा सहा महिन्यांवर आला, तरी पोटात अन्न नसेल तर गोळी लागत नाही. 2022 मध्ये सरकारने ‘निक्षय मित्र’ योजना आणली. क्षयरुग्णाच्या पोषणाची जबाबदारी कुणीही नागरिक घेऊ शकतो. आम्ही भावंडांनी त्यात नाव घातलं. डाळ, तांदूळ, तेल, शेंगदाणे, अशी महिन्याची पिशवी. पिशवी देताना फोटो काढायचा का, असा प्रश्न ग्रुपवर निघाला होता. आत्याचं जुनं उत्तर सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तो तिथेच मिटला. सध्याच्या यादीत बिहारचा एक कांडीवाला मुलगा आहे, विशीतला. त्याला अंडी चालतात, त्याच्याच खोलीतल्या दुसऱ्या रुग्णाला चालत नाहीत, आणि चूल एक. म्हणून धाकटी बहीण एकाची अंडी घरीच उकडून नेते आणि दुसऱ्याच्या पिशवीत तेवढ्याच किमतीचं पनीर घालते.