शिखर आणि धूपपात्र

वर्ध्यात राहून तांब्याच्या पत्र्यावर कोरीवकाम करणाऱ्या आणि त्यावरून कागदावर ठसे उतरवणाऱ्या मनुष्यास पंधराव्या शतकातील जर्मन खोदचित्रांचा शौक जडावा, याचे आमच्या स्नेह्यांस नवल वाटते. परंतु ज्याच्या घराण्यात सोनारकी चालत आली, त्यास त्या चित्रांतील गॉथिक शिखरांत परक्या देवळाच्या आधी आपल्याच जातकुळीचा हात दिसतो. कोल्मारचा मार्टिन शोनगाउअर हा सोनाराचाच मुलगा. बोखोल्टचा इस्राएल फान मेकेनेम स्वतः सोनार, आणि दुसऱ्याच्या चित्राची नक्कल करून तीवर आपले नाव बेलाशक कोरणारा.

आमच्या कामात कोरणी तळहातात टेकवून पुढे रेटावयाची असते. वळण घ्यावयाचे ते चामड्याच्या गादीवरील पत्रा फिरवून. यामुळे कंपासाच्या चापांतून जन्मलेली गॉथिक गवाक्षांची जाळी या हत्यारास जणू उपजतच साधते. शिखराच्या कडांवरून चढणारी मुडपलेली पाने मात्र जिकिरीची. शोनगाउअरचे पान झाडाचे नव्हे, ठोकलेल्या पत्र्याचे वाटते, आणि तो मी त्याचा गुणच समजतो.

१४८६ साली रेगेन्सबुर्गच्या मातेस रोरित्सर या गवंडी-मुद्रकाने शिखररचनेवर एक पुस्तिका छापली. चौरस काढावा, त्याच्या बाजूंचे मध्य जोडून आत दुसरा, त्यात तिसरा, आणि या चौरसांवरून शिखराची सारी प्रमाणे बसवावी, अशी तीतील रीत आहे. त्याच सुमारास न्यूरेंबर्गच्या हान्स श्मुटरमायरने याच विषयावर लिहिले, आणि तो होता सोनार! या हिशेबात गज नाही, तसू नाही. एकाच चौरसाबरहुकूम पाषाणाचे उत्तुंग शिखर उभे राहावे किंवा वीतभर चांदीचे पात्र घडावे. म्हणूनच शोनगाउअरचे धूपपात्राचे प्रसिद्ध खोदचित्र पाहताना ते पात्र केवढे असेल हा प्रश्न मला गैरलागू वाटतो.

याच्या नेमके उलट सेवाग्रामी पाहावयास मिळते. बापूकुटीच्या भिंतीवर मीराबेननी मातीत उठवलेली ताडाची झाडे आणि चरखा यांस बोटाच्या जाडीचेच माप आहे. ती लहानमोठी करू जाल तर त्यांतील सारी गोडी हरपेल. त्यांची नक्कल तांब्यावर करण्याची फर्माईश मजकडे झाली, ती मी नाकारली.

गॉथिक नक्षी मात्र नकलेस भीत नाही. चित्र समोर दिसते तसेच कोरले की ठशात ते उलटे उमटते. अशा नकलेत आशीर्वाद देणारा संत डावखुरा होऊन बसतो, त्याच्या मस्तकावरील दोन्ही अंगांनी सारख्या असलेल्या छत्रीस मात्र या उलथापालथीची खबरही नसते.