आकडा पन्नासचा, लेप चिमूटभर

2012 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये शिकागोच्या दोन डॉक्टरांनी एका ट्रकचालकाचे छायाचित्र छापले. वय 69, त्यातली 28 वर्षे स्टिअरिंगमागे गेलेली. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला शोभेल अशी. डावीकडची कातडी मात्र जाड झालेली, खोल सुरकुत्या पडलेली, सैल होऊन लोंबणारी. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, म्हणून खिडकी त्याच्या डाव्या गालाशी असते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्यामुळे वर्षानुवर्षे टॅक्सी चालवणारा माणूस दवाखान्यात आला, की आम्हा त्वचारोगतज्ज्ञांची नजर आधी त्याच्या उजव्या हाताकडे आणि उजव्या गालाकडे जाते.

जमिनीपर्यंत पोहोचणारे अतिनील किरण दोन प्रकारचे. यूव्हीबी किरणांनी त्वचा भाजते, लाल होते. खिडकीची साधी काच त्यांना बहुतांशी अडवते. यूव्हीए किरण मात्र काचेतून आत येतात, त्वचेत खोल शिरतात, तिला घट्ट ठेवणारे कोलॅजन मोडतात आणि रंग गडद करतात. जमिनीवर येणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे 95 टक्के हेच असतात. लोकलमध्ये रोज खिडकीची जागा पटकावणाऱ्याने आणि ऑफिसात काचेच्या भिंतीशेजारी टेबल असलेल्याने हे ध्यानात ठेवायला हवे.

सनस्क्रीन घेताना मात्र बहुतेकांचे लक्ष एकाच आकड्यावर असते, एसपीएफ. हा आकडा मिळतो कसा? स्वयंसेवकांच्या पाठीवर दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम इतका लेप लावतात, दिव्याने अतिनील किरण सोडतात आणि दुसऱ्या दिवशी लाली किती किरणांना उमटली ते पाहतात. लेपाशिवाय लागणाऱ्या किरणांच्या तीसपट किरण लागले, तर एसपीएफ 30. स्वयंसेवक उजळ त्वचेचे निवडतात, कारण लाली त्यांच्यावर स्पष्ट दिसते. म्हणजे हा मुख्यतः यूव्हीबीचा आणि भाजण्याचा हिशेब. आकडा वाढतो तसे संरक्षण त्याच पटीत वाढते असेही नाही. एसपीएफ 15 सुमारे 93 टक्के किरण अडवतो, 30 सुमारे 97 आणि 50 सुमारे 98.

गव्हाळ किंवा सावळी त्वचा सहसा भाजत नाही, ती काळवंडते. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारीही तशाच असतात: गालांवर वांग, मुरूम गेल्यावर महिनोन्महिने राहिलेले काळे डाग, मानेपेक्षा दोन छटांनी गडद झालेले कपाळ. अशा त्वचेसाठी एसपीएफइतकीच महत्त्वाची असते ती त्याच्या शेजारची पीएची खूण. जपानने 1996 मध्ये आणलेली ही पद्धत यूव्हीएपासूनचे संरक्षण सांगते. पीएपुढे अधिकची (+) चिन्हे जितकी जास्त तितके ते चांगले. 2013 पासून चार चिन्हांपर्यंतची श्रेणी आहे. युरोपीय बनावटीच्या ट्यूबवर त्याऐवजी वर्तुळातली ‘यूव्हीए’ अक्षरे असतात. त्यांचा अर्थ, यूव्हीएपासूनचे संरक्षण एसपीएफच्या किमान एक तृतीयांश आहे. एसपीएफ 30 किंवा जास्त आणि पीएपुढे किमान तीन चिन्हे, एवढे असले की रोजच्या वापराला पुरते.

वांग असणाऱ्यांना मात्र एवढ्याने भागत नाही. डेट्रॉईटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवले, की डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशसुद्धा गडद त्वचेला काळवंडवतो, आणि हा काळेपणा बराच काळ टिकतो. गोऱ्या त्वचेवर त्याच प्रकाशाचा तसा परिणाम झाला नाही. नेहमीची सनस्क्रीन हा प्रकाश फारसा अडवत नाहीत. तो अडवतात लोहाची ऑक्साईडे, गेरूला रंग देणारी. रंगीत, म्हणजे ‘टिंटेड’ सनस्क्रीनमध्ये ती असतात. वांगावर औषध चालू असताना असे सनस्क्रीन वापरल्यास डाग जास्त फिके होतात, असे तुलनात्मक चाचण्यांत दिसले आहे. आपल्या त्वचेशी जुळणारी छटा निवडली, तर झिंक ऑक्साईड आणि टायटॅनियम डायऑक्साईडमुळे सावळ्या चेहऱ्यावर येणारी राखाडी झाकही टळते.

आता प्रमाण. चाचणीतला 2 मिलिग्रॅमचा थर घरी जवळजवळ कुणीच लावत नाही. माणसे साधारण त्याच्या पाव ते अर्धा लावतात. थर निम्मा झाला की संरक्षण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. चेहरा, कान आणि मान मिळून लागणारे सनस्क्रीन मोजायची सोपी रीत आहे: तर्जनी आणि मधले बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत एकेक रेघ ओढायची. हे साधारण सव्वा ग्रॅमच्या आसपास भरते. एवढे एकदम पसरत नसेल, तर एक बोट आधी आणि दुसरे पाच मिनिटांनी लावावे. या मापाने दिवसातून एकदाच लावले तरी 50 ग्रॅमची ट्यूब सहा आठवड्यांत संपते. ती चार-चार महिने पुरत असेल, तर वरचा आकडा फक्त ट्यूबवरच आहे, चेहऱ्यावर नाही. म्हणून महाग ट्यूब पुरवून वापरण्यापेक्षा परवडणारी घेऊन सढळ हाताने लावलेली बरी.

नेमाने लावल्याचा फायदा होतो का, याचे चांगले उत्तर ऑस्ट्रेलियात मिळाले. क्वीन्सलंडमधल्या नंबोर गावात 1992 पासून साडेचार वर्षे सोळाशेवर माणसांवर प्रयोग झाला. काहींना सनस्क्रीन रोज लावायला सांगितले, काहींना मर्जीप्रमाणे. त्यातल्या 55 वर्षांखालच्या लोकांचे निष्कर्ष 2013 मध्ये छापून आले. रोज लावणाऱ्या गटात त्वचेवर वाढत्या वयाच्या खुणा 24 टक्क्यांनी कमी आढळल्या. हे लोक बहुतांशी गोरे होते, त्यामुळे त्याच प्रयोगातले त्वचेच्या कर्करोगाबाबतचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. वाढत्या वयाच्या खुणांबाबतचा धडा मात्र आपल्यालाही घेण्यासारखा आहे.

जागतिक आरोग्य संघटना यूव्ही निर्देशांक 3 झाला की संरक्षण घ्यायला सांगते. महाराष्ट्रात एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी तो 11 च्या वर जातो, आणि डिसेंबरातही भर दुपारी तो 3 च्या खाली जात नाही. पावसाळ्यात ढग पातळ असले तर बरेच किरण खाली येतात. पुण्यात टू-व्हीलरवरच्या मुली चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळतात, ते धुरासाठी असो वा उन्हासाठी, त्वचेच्या दृष्टीने उत्तमच. फक्त कापड घट्ट विणीचे हवे. पांढऱ्या, विरळ सुती कापडातून किरण आत येतात, आणि ते घामाने भिजले की अधिकच.

प्रकार त्वचा पाहून निवडावा. तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्याला जेल किंवा ‘मॅट’ लिहिलेले, कोरड्याला क्रीम, डोळ्यांत चुरचुरत असेल किंवा त्वचा नाजूक असेल तर झिंक ऑक्साईडचे. कोकणातल्या, मुंबईतल्या घामात ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेले घ्यावे. मॉइश्चरायझर आधी, मग सनस्क्रीन, पावडर वा मेकअप शेवटी. आणि बाहेर पडण्यापूर्वी पंधरा मिनिटे थांबावे. उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावे. दिवसभर खिडकीपासून लांब बसणाऱ्याला दुपारी बाहेर पडण्याआधी एकदा लावले तरी चालते. सहा महिन्यांखालच्या बाळाला लावू नये. त्याला सावलीत ठेवावे, अंगभर सुती कपडे घालावेत.

आणि एक विनंती. डाग जाईनात म्हणून औषधाच्या दुकानातून ‘गोरेपणाचे’ मलम आणू नका. त्यांतल्या अनेकांत स्टेरॉईड असते. त्याने काही दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात आणि जराशा उन्हानेही आग होते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉईड मलमे शेड्यूल एचमध्ये आणली. ती चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे, तरी ती मिळतात. सनस्क्रीन नेमाने लावूनही दोन-तीन महिन्यांत वांग फिके झाले नाही, तर ती ट्यूब आणि चेहऱ्याला लावत असलेली बाकीची सगळी मलमे पिशवीत घालून त्वचारोगतज्ज्ञाकडे या.